काचेखालची काळी पट्टी

प्रश्न : आमची मारुती स्विफ्ट २००९ सालची. सासऱ्यांनी पुण्यात घेतली आणि आम्ही बंगळूरला आलो तशी आमच्याबरोबर तीही आली. आता सर्जापूर रोडवरच्या एका सोसायटीत राहतो. इंजिन ठणठणीत आहे, गाडी विकायचा विचार नाही. पण दारांच्या काचांखाली बाहेरून जी काळी पट्टी असते, ती चारही दारांना पांढुरकी पडली आहे. मागच्या डाव्या दाराच्या पट्टीचा तर परवा गाडी पुसणाऱ्या मुलाच्या हातात तुकडाच आला. बोट फिरवलं की काळी भुकटी लागते. गॅरेजवाला म्हणतो, चारही दारांची सगळी रबरं बदला. नवरा म्हणतो, खोबरेल तेल लाव. शेजारचे काका म्हणतात, भेगांत सिलिकॉन भरा. मला मात्र आधी हे समजून घ्यायचं आहे : पुण्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो, इथे पस्तीसला लोक हवालदिल होतात. मग अशा थंड गावात प्लॅस्टिक एवढं करपलं कसं? आणि पट्टी दुरुस्त होते की बदलावीच लागते? नाही बदलली तर नेमकं काय बिघडतं?
— एक वाचक, सर्जापूर रोड, बंगळूर

उत्तर : बंगळूरची हवा थंड आहे, ऊन थंड नाही. आपल्या कातडीला हवेचं तापमान कळतं. प्लॅस्टिकला मारतो तो उन्हातला अतिनील किरणांचा भाग, आणि त्याचा हवेतल्या गारव्याशी फारसा संबंध नसतो. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर आहे, पुणे साडेपाचशेच्या आसपास. उंचीबरोबर वरची हवा विरळ होते आणि दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. त्यात बंगळूर १३ अक्षांशावर, म्हणजे विषुववृत्ताला पुण्याहून जवळ. २४ एप्रिलच्या सुमारास आणि पुन्हा १८ ऑगस्टच्या सुमारास तिथे शून्य सावलीचा दिवस असतो. दुपारी उभ्या खांबाची सावली त्याच्याच पायाखाली जाते. त्या पट्टीची जागा आठवून पाहा. दाराचा पत्रा उभा, काच जवळजवळ उभी, आणि दोघांच्या मधे ही पट्टी आडवी, आकाशाकडे तोंड करून बसलेली. डोक्यावर आलेला सूर्य दाराला चाटून जातो, पट्टीवर मात्र सरळ पडतो. अशा उन्हात काळी वस्तू सहज साठ अंशांच्या घरात जाते, भले हवा तिशीत असो.

तरीही सगळा दोष बंगळूरला देऊ नका. उंचीमुळे पुण्या-बंगळूरच्या उन्हात पडणारा फरक तीन-चार टक्क्यांचा. तुमच्या पट्टीने पुण्यातली वर्षंही सोसली आहेत, आणि २००९ सालच्या गाडीवरची मूळ पट्टी आजवर टिकली असेल तर तिने आपलं काम केलं असंच म्हणावं लागेल.

आता ती भुकटी. लोक तिला सरसकट रबर म्हणतात, पण बाहेरच्या पट्टीत खऱ्या रबराचा अंश थोडा असतो किंवा नसतोच. पुष्कळ गाड्यांत आत पातळ धातूची पट्टी असते, तिच्यावर मऊ पीव्हीसी किंवा तत्सम प्लॅस्टिकचं आवरण, आणि काचेच्या बाजूला एक लवचीक ओठ. त्या ओठावर मखमलीसारखे बारीक तंतू उभे दिसतात. ते विणलेले नसतात. ओठाला गोंद लावून त्यावर नायलॉनसारखे बारीक तंतू विद्युतभाराच्या क्षेत्रात सोडतात. भारामुळे प्रत्येक तंतू ताठ उभा राहूनच गोंदात रुततो. काच वरखाली होताना करकर वाजत नाही ती या तंतूंमुळे.

पीव्हीसी हा मुळात कडक पदार्थ. सांडपाण्याचे पाइप त्याचेच असतात. त्यात तेलासारखं द्रव्य मिसळलं की साखळ्यांच्या मधे ते शिरून बसतं आणि पदार्थ वाकू लागतो. ही युक्ती अमेरिकेत वॉल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाला १९२६ साली सापडली, आणि रेनकोटापासून वायरींच्या आवरणापर्यंत सगळं मऊ पीव्हीसी तिथून पुढे आलं. अडचण एवढीच की हे मऊ करणारं द्रव्य साखळ्यांना घट्ट बांधलेलं नसतं. ऊन लागलं की थोडं थोडं उडत राहतं. बंद गाडी उन्हात राहिली की समोरच्या काचेवर आतून एक तेलकट धुरकटपणा येतो, फडक्याने पुसला तर फरकटतो. त्यात डॅशबोर्डमधून उडालेलं हेच द्रव्य बरंचसं असतं. बाहेरच्या पट्टीतून उडालेलं वाऱ्यावर जातं, म्हणून दिसत नाही. ओला पापड वाळताना कडक होतो, आकसतो आणि कडा वर उचलतो, तसं मग पट्टीचं होतं. आरशाजवळच्या टोकाला तुमच्या पट्टीने जागा सोडलेली असेल, बघा.

उरलेलं काम अतिनील किरणं करतात. त्या साखळ्याच तोडतात. कारखान्यात प्लॅस्टिकमध्ये काजळी मिसळतात ती नुसती रंगासाठी नव्हे. काजळी किरणं स्वतःत शोषून घेते आणि आतल्या थराला वाचवते. पण वरचा पापुद्रा खपत जातो, काजळीचे कण मोकळे होतात आणि बोटाला लागतात. तुमची काळी भुकटी ती हीच.

तुकडा पडण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते यंत्रशास्त्राचं. आतला धातू आणि वरचं प्लॅस्टिक सारखे प्रसरण पावत नाहीत. ऐंशी सेंटिमीटरची पट्टी पहाटेच्या वीस अंशांवरून दुपारी साठवर गेली, तर आतलं स्टील जेमतेम ०.४ मिलिमीटर वाढतं. एकटं सोडलं तर प्लॅस्टिक दोन मिलिमीटरपेक्षा जास्त वाढू पाहतं. मऊ असेपर्यंत ते ही ओढाताण पोटात घालतं. कडक झालं की रोज थोडं थोडं चिरतं. चिरेतून पाणी आत शिरतं, आतली पट्टी गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. मग आवरण आतून फुगून फुटतं. गाडी पुसणाऱ्या मुलाने काही तोडलेलं नाही. तुकडा आधीच सुटलेला होता.

त्या मुलाच्या बादलीतल्या पाण्याबद्दल मात्र बोलायला हवं. सर्जापूर रोडवरच्या बहुसंख्य सोसायट्या बोअरवेल आणि टँकरवर चालतात. ते पाणी जड. रोज सकाळी त्याच पाण्यात त्याच फडक्याने गाडी पुसली आणि ती उन्हात वाळली की कॅल्शियमचा पांढरा थर पट्टीवर बसतो. तुमची पट्टी जी 'पांढुरकी' दिसते, त्यातला काही भाग हा क्षार असू शकतो. व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून, फडकं ओलं करून एका कोपऱ्यावर मिनिटभर ठेवा, पुसा, साध्या पाण्याने धुवा. पांढरेपणा गेला तर क्षार होता. राहिला तर प्लॅस्टिकच संपलं. फडक्यातली वाळू तर त्या मखमली ओठात साठत जाते. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या जलमंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालून पाच हजारांचा दंड लावला, तेव्हा अनेकांच्या गाड्या आठवडेच्या आठवडे नुसत्या कोरड्या झटकल्या गेल्या. कोरड्या धुळीवर काच खालीवर करणं हे पट्टीला आणि काचेला दोघांनाही वाईट.

आता तुमचा शेवटचा आणि खरा व्यवहाराचा प्रश्न : नाही बदलली तर काय?

बहुतेकांना वाटतं, ही पट्टी पाणी अडवते, ती गेली की पाणी गाडीत येणार. तसं नाही. नव्या कोऱ्या गाडीतही पावसाचं पाणी काचेवरून ओघळून दाराच्या पोटात जातं. ते जाणारच हे धरूनच दार बनवलेलं असतं. दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन छिद्रं असतात, पाणी तिथून बाहेर पडतं. आतल्या पॅडच्या मागे एक प्लॅस्टिकचा पडदा चिकट डांबरासारख्या पट्ट्याने चिकटवलेला असतो. तो पाण्याला पायांशी येऊ देत नाही. तेव्हा पायाखालचा गालिचा भिजत असेल तर बाहेरच्या पट्टीवर संशय घेण्याआधी आठवून पाहा, दारात नवे स्पीकर कोणी बसवले होते का. म्युझिक सिस्टीम बसवणारे तो पडदा टरकन फाडतात आणि परत चिकटवण्याच्या फंदात पडत नाहीत. मी पाहिलेल्या ओल्या गालिच्यांत हेच कारण सर्वांत जास्त वेळा निघालं.

पट्टीचं खरं काम पाण्यापेक्षा धुळीचं आहे. काच खाली जाताना ती तिच्यावरची वाळू, चिखल, पानांचे तुकडे खरवडून वरच ठेवते. ओठ कडक झाला की वाळू ओठ आणि काचेच्या मधे अडकते आणि काचेवर उभ्या रेघा पडतात. त्या रेघा पॉलिशने सहसा जात नाहीत, आणि काच बदलायला पट्टीच्या कितीतरी पट पैसे पडतात. ओठ तुटून पडला तर खडी, पानं दाराच्या पोटात जातात, तळाची छिद्रं बुजतात, पाणी साठतं आणि दार आतून कुजायला लागतं. बाहेरून रंगाचा फोड दिसेपर्यंत पत्रा गेलेला असतो. शिवाय फुटलेल्या पट्टीखाली पत्र्याची वरची कड उघडी पडते आणि तिथूनही गंज धरतो. वेगात वाऱ्याची शिट्टी वाजते, कोरड्या ओठाशी झगडून काचेची मोटर दमते. याउपर काही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्जापूर रोडवरच्या रेनबो ड्राइव्ह लेआउटमधून लोकांना बोटीत आणि ट्रॅक्टरवर बसवून बाहेर काढावं लागलं होतं. तसं पाणी भरलं तर नवी पट्टी असलेली गाडीही बुडतेच, कारण पाणी तेव्हा तळाच्या त्याच छिद्रांतून उलट आत येतं.

म्हणून आज करण्याजोगं काम फुकटातलं आहे. काच खाली करून बाहेरून अर्धा मग पाणी पट्टीच्या फटीत सोडा आणि दाराच्या तळाशी थेंब पडतात का बघा. पडले नाहीत तर खराट्याची काडी घेऊन छिद्रं मोकळी करा. तार वापरू नका, तारेने रंग खरवडतो.

खोबरेल तेलाविषयी तुमच्या यजमानांना सांगा की दोन दिवस पट्टी काळीभोर दिसेल, तिसऱ्या दिवशी तिच्यावर सर्जापूर रोडची सगळी धूळ बसलेली असेल. उडून गेलेलं द्रव्य बाहेरून तेल चोळून परत साखळ्यांच्या मधे जात नाही. गॅरेजात काही जण डिझेल किंवा ग्रीस फासतात, ते तर मुळीच नको. दाराभोवतीची आणि काचेच्या चौकटीतली रबरं बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात. ते ऊन, पाऊस, ओझोन यांना उत्तम तोंड देतं, म्हणूनच नैसर्गिक रबर सोडून गाड्यांनी ते घेतलं. पण खनिज तेल लागलं की ते फुगतं आणि लिबलिबीत होतं. पेट्रोलियम जेलीही त्याच कुळातली. धड असलेल्या रबराला सिलिकॉन स्प्रे फडक्यावर मारून हलका हात फिरवला तर फायदा होतो. मेलेल्या पट्टीला त्याचा उपयोग नाही.

काकांचं सिलिकॉन त्याहून महागात पडेल. बाथरूमच्या फटीत भरतात त्या स्वस्त सिलिकॉनला वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो. तो असेटिक आम्लाचाच असतो आणि ते आम्ल पत्र्याला गंजवतं. वर ते एकदा लागलं की त्या जागी पुढे रंग धरत नाही. तुटलेला तुकडा झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडला तर तो काच एकदा खाली गेली की शेजारी नव्या जागी मोडतो. थोडक्यात, चिरलेली किंवा भुकटी होणारी बाहेरची पट्टी दुरुस्त होत नाही. बदला.

पण गॅरेजवाल्याच्या 'सगळी रबरं' या शब्दावर सही करू नका. एका दाराला निदान चार वेगवेगळ्या गोष्टी असतात : काचेखाली बाहेरची पट्टी, तिच्या समोर आतली पट्टी, काच ज्या खाचेत सरकते ते चौकटीतलं रबर, आणि दार जिथे मिटतं तिथलं पोकळ गोल रबर, ज्याला गॅरेजात बीडिंग म्हणतात. यांतली फक्त पहिली सतत उन्हात आडवी पडलेली असते. आतली पट्टी सावलीत असते, ती बहुधा शाबूत असेल. चौकटीतल्या रबराची परीक्षा काचच देते : काच वर जाताना मधेच मंदावते का, तिरकी होते का, कचकच आवाज करते का? बीडिंगसाठी वर्तमानपत्राची एक पट्टी दारात धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज सुटून आला तर त्या जागी रबर दबून बसलं आहे. ओढायला जोर लागला तर ठीक आहे. या परीक्षांत जे नापास होईल तेच बदला. बाहेरच्या पट्ट्या मात्र एकाच वयाच्या, त्यामुळे एक गेली असताना उरलेल्या तीन ठेवण्यात अर्थ नाही. चारही एकदम घ्या.

घ्यायच्या कुठून? आधी अधिकृत विक्रेत्याच्या सुट्या भागांच्या काउंटरवर चासी नंबर घेऊन जा. नुसतं 'स्विफ्ट २००९' म्हणून चालत नाही, पुढची-मागची, डावी-उजवी अशा चार पट्ट्यांचे चार वेगळे नंबर असतात. छोट्या गाडीची अस्सल पट्टी काही शे रुपयांत येते, ऑर्डर देऊन चार दिवस थांबावं लागलं तरी तेच करावं. शहरातला जुना बाजार जे. सी. रोडचा, तिथे अस्सलही मिळतं आणि नकलीही. नकली पट्टी ओळखायला तीन गोष्टी पुरतात. ओठावरची मखमल अंगठ्याने उलट घासली तर तंतू सुटतात. टोकाला आतली धातूची पट्टी दिसत नाही किंवा कागदाएवढी पातळ असते. आणि पट्टी हलकी वाकवून सोडली तर ती तशीच वाकडी राहते. बंगळूरच्याच शिवाजीनगरमधल्या भंगारबाजारात इंजिनाचे भाग, दिवे, दारं शोधायला जावं, पट्टी आणायला जाऊ नये. तिथे मिळणारी पट्टी तुमच्याच पट्टीच्या वयाची असते आणि तितकंच ऊन खाऊन आलेली असते.

बसवण्याचं काम अवघड नाही, फक्त घाई चालत नाही. काच पूर्ण खाली करा. पत्र्याच्या कडेवर रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी लावा, म्हणजे ओरखडा पडणार नाही. काही गाड्यांत पट्टी नुसत्या चापांवर बसलेली असते, काहींत दाराच्या मागच्या कडेला एक स्क्रू असतो, काहींत आरशाचा आतला तिकोनी तुकडा आधी काढावा लागतो. ओढण्यापूर्वी हे बघून घ्या. प्लॅस्टिकची उचकटणी किंवा कापड गुंडाळलेला लाकडी चमचा घालून मागच्या टोकापासून सरळ वर उचला. स्क्रू-ड्रायव्हर घातला की पत्र्याची कड वाकते, आणि वाकलेल्या कडेवर नवी पट्टी कधीच नीट बसत नाही. जुनी तुटली तर तुटू द्या, ती टाकायचीच आहे. मोडके चाप मात्र दाराच्या पोटात पडू देऊ नका, नाही तर खड्ड्याखड्ड्याला खुळखुळा वाजेल.

पट्टी निघाली की थांबा. या कामातला हाच भाग मोलाचा आहे आणि घाईतल्या गॅरेजात नेमका हाच गाळतात. उघडी पडलेली कड धुवा, वाळवा, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासा, प्रायमर द्या, त्यावर गाडीच्या रंगाचा टचअप लावा आणि एक दिवस सुकू द्या. गंजावर नवी पट्टी बसवली तर तोच गंज तिला आतून फोडतो. गॅरेजात काम द्यायचं असेल तर तिथे उभं राहून हा टप्पा करवून घ्या, किंवा सरळ सांगा की पट्टी काढून द्या, बसवायला उद्या येते.

नवी पट्टी बसवताना थंडीची सकाळ नको. दुपारची वेळ घ्या किंवा पट्टी गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्यात दहा मिनिटं गुंडाळून ठेवा. पत्र्याच्या कडेला साबणाचं पाणी लावा, आरशाच्या टोकाकडून सुरुवात करून तळहाताने दाबत मागे या. प्रत्येक चाप बसला की टक असा आवाज येतो. ठोकू नका. मग काच सावकाश वर घ्या आणि ओठ कुठे आत दुमडला नाही ना, हे बोट फिरवून पाहा. दुमडलेला ओठ चार दिवस तसाच राहिला तर कायमचा तसाच राहतो.

एका ठिकाणी मात्र हात लावू नका. पुष्कळ गाड्यांत मागच्या बाजूला न उघडणारी छोटी काच असते आणि तिच्याभोवती तशीच काळी किनार. ती किनार पुष्कळदा काचेवरच साच्यात ओतलेली असते, सुटी निघत नाही, आणि काच पॉलियुरेथेनच्या गोंदाने पत्र्याला चिकटवलेली असते. या गोंदाला ऊन चालत नाही. गाडीच्या पुढच्या काचेच्या कडेला आतून काळा पट्टा आणि त्याखाली विरळ होत जाणारे ठिपके दिसतात ना, तो भट्टीत भाजलेला चिनी मातीच्या जातीचा रंग गोंदाला उन्हापासून झाकण्यासाठीच असतो. छोट्या काचेची किनार उपटली तर तोच गोंद उघडा पडू शकतो. ती चिरली असेल तर काच बसवणाऱ्या जाणकाराकडे जा, आणि बहुधा काचेसकटच बदला.

महिना कोणता निवडावा? मुंबई-पुण्याच्या सवयीने आपण जूनपूर्वी म्हणतो. बंगळूरला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो. त्याच्या आत उरका.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची १९८० च्या दशकातली प्रीमिअर पद्मिनी आहे. काचेजवळच्या चकचकीत पट्ट्या धड आहेत, पण त्यांतलं कापडासारखं अस्तर गळून गेलंय. नवीन कुठे मिळेल?
— बेळगाव

उत्तर : तुमचं काम वरच्या वाचकांपेक्षा सोपं आहे. त्या काळी वरची पट्टी धातूची असे, ती राहते. झिजतं ते आतलं लोकरी अस्तर किंवा मखमली रबर. हे मीटरवर मिळतं. मुंबईत कुर्ल्याला, पुण्यात नाना पेठेत किंवा बंगळूरला जे. सी. रोडवर जुन्या अस्तराचा तुकडा नमुना म्हणून घेऊन जा. लांबीपेक्षा जाडी जुळणं महत्त्वाचं, जाड घेतलंत तर काच हाताने फिरवताना खांदा दुखेल. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेल्या. मोठं गिऱ्हाईक गेलं की दुकानदार जुना माल ठेवायचं कमी करतात. पुढच्या खेपेला लागेल तेवढं आत्ताच घेऊन ठेवा. धातूची पट्टी काढताना मात्र वाकवू नका. तशी दुसरी मिळणं कठीण.

प्रश्न : आरशाचं बूड आणि बंपरची काळी कड राखाडी झाली आहे. हीट गनने ती पुन्हा काळी करतात असं पाहिलं. करावं का?
— पिंपरी

उत्तर : रंग न दिलेलं, जाड, कडक प्लॅस्टिक असेल तर होतं. उष्णतेने वरचा मेलेला थर वितळून सपाट होतो आणि आतल्या तेलकट द्रव्यांतलं थोडं वर येतं, म्हणून काळं दिसतं. काही महिन्यांत पुन्हा राखाडी होतं, आणि दर खेपेला प्लॅस्टिक थोडं आणखी कोरडं होतं. एकदा करून लगेच वर ऊन रोखणारं ट्रिम कोटिंग लावा. काचेखालच्या मऊ पट्टीवर हीट गन अजिबात नको. ती आकसून पिळवटेल, आणि शेजारची गरम काच तडकेल ती वेगळीच.

प्रश्न : अशा पट्ट्यांचा खर्च विम्यातून मिळतो का?
— सांगली

उत्तर : वयाने झिजलेल्या भागाचा मिळत नाही. अपघातात दार ठोकलं गेलं आणि त्यात पट्टी गेली तर दाव्यात धरतात, पण साध्या पॉलिसीत रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. पूर्ण रक्कम हवी तर घसारामाफीची जोड आधीच घेतलेली असावी लागते, आणि जुन्या गाड्यांना बहुतेक कंपन्या ती देत नाहीत.